घटस्फोटानंतर घर कुणाचं? मालकी, राहण्याचा हक्क आणि वाटणीचे नियम

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेतला अर्धा वाटा बायकोला मिळतोच, असं सोशल मीडियावरच्या अनेक पोस्टमध्ये ठामपणे सांगितलं जातं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर सुनेला कधीही बाहेर काढता येतं, असाही समज सर्रास आढळतो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ही दोन्ही विधानं चुकीची आहेत.

गोंधळ होण्याचं मुख्य कारण म्हणजे तीन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. घराची मालकी कुणाची, घरात राहण्याचा हक्क कुणाला आणि पोटगी किती, या तिन्हींचे कायदे वेगळे आहेत आणि उत्तरंही वेगळी असू शकतात. घराची मालक नसलेली स्त्री त्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते. उलट, सातबारा किंवा खरेदीखतावर नाव असूनही हप्त्यांचा वाद उभा राहू शकतो.

अर्धा वाटा आपोआप मिळतो का?

नाही. गोवा वगळता भारतात बहुतेक ठिकाणी लग्नामुळे पती-पत्नीची मालमत्ता एक होत नाही. ज्यानं मालमत्ता घेतली, ज्याला ती वारशानं किंवा भेट म्हणून मिळाली, त्याचीच ती लग्नानंतरही राहते. लग्न किती वर्षं टिकलं, यावरून मालकी बदलत नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेबद्दल कलम २७ आहे, पण त्याची व्याप्ती मर्यादित आहे. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या असू शकतील अशा वस्तूंबद्दल न्यायालय घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात तरतूद करू शकतं. लग्नानंतर दहा वर्षांनी घेतलेल्या फ्लॅटची सरसकट निम्मी वाटणी करा, असं हे कलम सांगत नाही.

फ्लॅटच्या मालकीचा वाद असेल तर तो स्वतंत्रपणे मांडावा लागतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार पती-पत्नींमधले मालमत्तेचे दावे कौटुंबिक न्यायालयात चालतात. जिथे असं न्यायालय नाही, तिथे दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

घर कुणाच्या नावावर आहे, यावर काय ठरतं?

एकाच जोडीदाराच्या नावावर घर: कागदोपत्री मालकी त्याची किंवा तिची. दुसऱ्यानं पैसे घातले असतील, तर ते सिद्ध करून हिस्सा किंवा परतावा मागावा लागतो. त्यासाठी बँकेचे उतारे, धनादेशांच्या नोंदी, दागिने मोडल्याची पावती, माहेरून आलेल्या रकमेचा पुरावा या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. ‘घरखर्च मी चालवला म्हणून त्याला हप्ते भरता आले’ हा मुद्दा व्यवहारात खरा असला, तरी न्यायालयात मालकी सिद्ध करायला तो एकटा बहुतेक वेळा पुरत नाही.

बायकोच्या नावावर, पण पैसे नवऱ्याचे: महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळेही अनेक घरं फक्त पत्नीच्या नावावर घेतली गेली. बेनामी व्यवहार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार स्वतःच्या उत्पन्नाच्या ज्ञात स्रोतांतून जोडीदाराच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. त्यामुळे पैसे आपलेच होते आणि घर बायकोला द्यायचं म्हणून घेतलेलं नव्हतं, असा दावा नवरा करू शकतो. तो सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर असते. पत्नीला भेट म्हणूनच घर दिलं होतं असं दिसलं, तर ते तिचंच राहतं.

दोघांच्या नावावर घर: खरेदीखतात हिस्से लिहिलेले असतील तर ते प्रमाण मानले जातात. लिहिलेले नसतील तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागू होतं. दोघांनी आपापल्या पैशातून किती रक्कम भरली हे दाखवता आलं, तर त्या प्रमाणात हिस्से ठरतात. दाखवता आलं नाही, तर हिस्से समान असल्याचं गृहीत धरलं जातं.

सासू-सासऱ्यांच्या नावावर किंवा वडिलोपार्जित घर: सुनेला त्यात मालकी मिळत नाही. नवऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा घटस्फोटात वाटून मागता येत नाही. पोटगी ठरवताना त्याची आर्थिक कुवत म्हणून तो विचारात घेतला जाऊ शकतो. मुलांचा वडिलांच्या बाजूचा वारसाहक्क आईवडिलांच्या घटस्फोटानं संपत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा गॅस जोडणी कुणाच्या नावावर आहे, यावरून मालकी ठरत नाही. त्या जागेत कोण राहत होतं, हे दाखवायला मात्र हे कागद उपयोगी पडतात.

मालकी नसेल तरी घरात राहता येतं का?

येतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात ‘सामायिक घर’ ही संकल्पना आहे. पत्नी ज्या घरात कौटुंबिक नात्यानं राहते किंवा राहत होती, त्या घरात राहण्याचा हक्क तिला कलम १७ देतं. घरात तिची मालकी किंवा हिस्सा आहे की नाही, याच्याशी या हक्काचा संबंध नाही. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला घराबाहेर काढता येत नाही.

घर सासऱ्यांच्या किंवा सासूच्या नावावर असेल तर काय, या प्रश्नावर बरीच वर्षं संभ्रम होता. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सामायिक घराचा अर्थ संकुचित केला होता. नवऱ्याचं किंवा त्यानं भाड्यानं घेतलेलं घर, अथवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचं घर, एवढ्यापुरताच तो मर्यादित राहिला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्याच न्यायालयानं तो निकाल चुकीचा ठरवला. आता घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी ते सामायिक घर ठरू शकतं. अर्थात दोन दिवस पाहुणी म्हणून राहिलेलं प्रत्येक नातेवाइकाचं घर त्यात येत नाही. त्या घरात काही एका स्थैर्यानं संसार झालेला असावा लागतो.

कलम १९ नुसार न्यायदंडाधिकारी वेगवेगळे आदेश देऊ शकतात. पत्नीला घराबाहेर काढू नये, घर विकू नये किंवा गहाण ठेवू नये, नवऱ्यानं घर सोडावं, किंवा तिला त्याच दर्जाचं दुसरं घर अथवा त्याचं भाडं द्यावं, असे हे आदेश असतात. घर सोडण्याचा आदेश घरातल्या स्त्रीविरुद्ध, म्हणजे सासू किंवा नणंदेविरुद्ध, देता येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. तो हक्क मिळाला म्हणून घर विकता येत नाही किंवा कुणाच्या नावावर करता येत नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांना त्रास होत असेल, तर न्यायालय दोन्ही बाजू पाहून सुनेसाठी पर्यायी घराची सोय करायला सांगू शकतं. घटस्फोटाच्या तडजोडीत राहण्याची सोय स्पष्ट लिहिली नसेल, तर या हक्काच्या भरवशावर पुढची वर्षं काढणं धोक्याचं ठरतं.

दागिने आणि माहेरच्या वस्तूंचं काय?

लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर स्त्रीला मिळालेल्या भेटी म्हणजे तिचं स्त्रीधन. माहेरचे दागिने त्यात येतातच, पण सासरहून तिला घातलेले दागिने आणि नातेवाइकांनी तिला दिलेल्या वस्तूही येतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची संपूर्ण मालक असते.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की स्त्रीधन लग्नामुळे नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता होत नाही. ते नवऱ्याच्या किंवा सासूच्या ताब्यात असेल, तर केवळ विश्वासानं सांभाळायला दिलेलं असतं. ते परत न करणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. अडचणीच्या काळात नवऱ्यानं ते वापरलं, तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते.

म्हणून स्त्रीधन ‘वाटायचं’ नसतं, ते परत करायचं असतं. वाटाघाटीत अनेकदा ‘दागिने घे आणि फ्लॅटवरचा हक्क सोड’ असा प्रस्ताव येतो. अशा प्रस्तावात तिचीच वस्तू तिला देऊन त्या बदल्यात दुसरा हक्क मागितलेला असतो. दागिन्यांची यादी, सराफाच्या पावत्या, लग्नातले फोटो आणि लॉकरच्या नोंदी वेळीच जमवल्या तर ही गफलत टळते.

पोटगी आणि मालमत्ता यांचा संबंध कसा येतो?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार न्यायालय एकरकमी किंवा दरमहा कायमस्वरूपी पोटगी देऊ शकतं. ती मागण्याचा हक्क पती-पत्नी दोघांनाही आहे. गरज वाटल्यास देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजाही चढवता येतो. म्हणजे घराची मालकी बदलली नाही, तरी पोटगीची हमी म्हणून ते घर बांधलेलं राहू शकतं.

रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार, बँक खाती, ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, विमा, वाहनं, कर्जं हे सारं त्यात येतं. खोटी माहिती दिल्यास कारवाई होऊ शकते. भविष्य निर्वाह निधीसारख्या रकमा थेट वाटून मिळत नसल्या, तरी समोरच्याची ऐपत दाखवताना त्या मोजल्या जातात.

पोटगी म्हणजे संपत्तीची समान वाटणी नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मधल्या एका निकालात सांगितलं आहे. जोडीदाराची संपत्ती कितीही वाढलेली असली, तरी तेवढीच आपलीही असावी, अशी मागणी पोटगीतून करता येत नाही. दोघांचं राहणीमान, गरजा, कमाई, वय, मुलांची जबाबदारी आणि संसारासाठी सोडलेली नोकरी असे मुद्दे पाहून रक्कम ठरते.

गृहकर्जाचा तिढा

घराची वाटणी अडते ती बहुतेकदा कर्जावर. दोघं सहकर्जदार असतील, तर बँकेच्या दृष्टीनं पूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांचीही असते. ‘यापुढचे हप्ते नवरा भरेल’ असं संमतीच्या अटींमध्ये लिहिलं, तरी बँक त्या करारात सहभागी नसते. त्यानं हप्ते थकवले तर बँक पत्नीकडे वसुलीला येऊ शकते आणि दोघांचाही सिबिल स्कोअर घसरतो.

सहकर्जदाराचं नाव काढायचं असेल, तर उरलेल्या एकाच्या उत्पन्नावर कर्ज पेलतं का, हे बँक पुन्हा तपासते. बँकेनं नकार दिला, तर दुसरा सहकर्जदार आणणं, काही कर्ज फेडणं किंवा घर विकणं एवढेच मार्ग उरतात. म्हणून अटींवर सही करण्यापूर्वी बँकेचं लेखी उत्तर हाती असणं महत्त्वाचं आहे.

वाटणीचे तीन मार्ग

समजा, दोघांच्या समान हिश्श्याच्या फ्लॅटची आजची किंमत ९० लाख रुपये आहे आणि ३० लाखांचं कर्ज बाकी आहे. कर्ज वजा जाता घराचं निव्वळ मूल्य ६० लाख, म्हणजे प्रत्येकाचे ३० लाख.

१. घर विकून पैसे वाटणं. कर्ज फेडून, दलाली आणि भांडवली नफ्यावरचा कर वजा करून उरलेली रक्कम वाटली जाते. हात मोकळे होतात. मात्र दोघांनाही नवी जागा शोधावी लागते आणि मुलांची शाळा बदलण्याची वेळ येऊ शकते.

२. एकानं दुसऱ्याचा हिस्सा घेणं. घर ठेवणाऱ्याला दुसऱ्याला ३० लाख द्यायचे असतात आणि उरलेलं ३० लाखांचं कर्जही एकट्यानं पेलायचं असतं. म्हणजे प्रत्यक्षात त्याच्यावर ६० लाखांचा भार येतो. ‘घर मला हवं’ म्हणण्यापूर्वी हा आकडा कागदावर मांडलेला बरा. देय रकमेतून पोटगीची एकरकमी रक्कम वळती करून हिशेब पुरा करता येतो.

३. काही वर्षं घर तसंच ठेवणं. मुलं शिकत असतील, तर ठराविक तारखेपर्यंत मुलांसह एक पालक घरात राहतो आणि नंतर घर विकलं जातं. यात हप्ते, देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि दुरुस्ती कोण करणार, विक्रीची किंमत कशी ठरणार, हे आधीच लिहावं लागतं. न लिहिल्यास जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो.

एकमत झालंच नाही, तर सहमालक वाटपाचा दावा लावू शकतो. फ्लॅटच्या मधोमध भिंत घालता येत नाही. म्हणून १८९३ च्या वाटप कायद्यानुसार न्यायालय घर विकण्याचा आदेश देऊ शकतं आणि दुसऱ्या सहमालकाला ठरलेल्या किमतीत हिस्सा घेण्याची संधी देऊ शकतं. दावा चालू असताना घर परस्पर विकलं जाऊ नये, म्हणून मनाई हुकूम मागता येतो. दाव्याची ‘लिस पेंडन्स’ नोटीसही दुय्यम निबंधकांकडे नोंदवता येते.

तडजोड झाली, पुढचे कागद कोणते?

संमतीनं घटस्फोट घेताना घराबद्दलच्या अटी नेमक्या लिहिल्या तरच उपयोगाच्या. फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, पार्किंग, कर्ज खाते, ताबा देण्याची तारीख, पैसे देण्याचे टप्पे आणि तारीख चुकली तर काय, हे सगळं त्यात हवं. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. त्यामुळे रकमेचा काही भाग पहिल्या टप्प्यावर आणि उरलेला दुसऱ्या टप्प्यावर देण्याची पद्धत रूढ आहे.

‘घर पत्नीला दिलं’ एवढं तोंडी ठरून मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये न्यायालयाच्या हुकूमनाम्याला काही सूट आहे. पण तडजोडीतली मालमत्ता मूळ दाव्याच्या विषयात नसेल, तर ती सूट मिळत नाही. म्हणून अर्जातच घराचा पूर्ण तपशील घातला जातो.

दस्ताचा प्रकार निवडताना वेळेला महत्त्व आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीनं एकमेकांना राहतं घर बक्षीसपत्रानं दिल्यास मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते. घटस्फोटानंतर ते पती-पत्नी राहत नाहीत, त्यामुळे ही सवलत गमावण्याची शक्यता असते. शिवाय बक्षीसपत्रात मोबदला नसतो. हिश्श्याचे पैसे घेऊन घर सोडायचं असेल, तर त्याला बक्षीस म्हणता येत नाही. दोघांनी विकत घेतलेल्या घराच्या हक्कसोडपत्रावर सोडलेल्या हिश्श्याच्या किमतीनुसार शुल्क लागतं.

दस्त झाल्यावर सूची क्रमांक २ ची प्रत घ्यावी. सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर नाव बदलून घ्यावं आणि मालमत्ता कराच्या नोंदीतही बदल करावा. बँक खाती, विमा, भविष्य निर्वाह निधी आणि सोसायटी यांतली नामनिर्देशनंही घटस्फोटानं सगळीकडे आपोआप रद्द होत नाहीत. ती बदलावी लागतात.

गोव्यात वेगळं काय?

सीमा ओलांडून सावंतवाडीहून पेडण्याला गेलं की नियम बदलतो. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं तो कायम ठेवला. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. घर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. स्थावर मालमत्ता विकताना जोडीदाराची संमती लागते.

हा नियम इतका खोलवर रुजलेला आहे की १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५अ घालण्यात आलं. त्यानुसार अशा जोडप्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांत समान वाटून कर आकारला जातो. अर्थात सामाईक मालमत्तेबरोबर सामाईक कर्जंही येऊ शकतात. वेगळी व्यवस्था हवी असेल, तर लग्नापूर्वीच नोटरीसमोर करार करावा लागतो.

घर परदेशातलं किंवा जोडपं परदेशात असेल तर?

कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक मानली जाते. पण तिथे राहणाऱ्या मराठी जोडप्याचा पुण्यातला फ्लॅट तिथल्या निकालानं थेट कुणाच्या नावावर होत नाही. भारतातल्या स्थावर मालमत्तेसाठी भारतीय कायद्यानुसार दस्त करावा लागतो, किंवा इथल्या न्यायालयात जावं लागतं. हिंदू कायद्याखाली झालेल्या लग्नाला परदेशातला घटस्फोट भारतात मान्य होईल का, हेही आधी तपासावं लागतं.

संसाराच्या कामाची किंमत

पगार नसलेल्या पत्नीच्या श्रमांवर संसार उभा राहतो आणि घर मात्र एकाच्याच नावावर राहतं, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. ती दूर करण्याचा एक प्रयत्न २०१० च्या विवाह कायदे दुरुस्ती विधेयकात झाला. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेनं ते मंजूर केलं. पण लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर व्यपगत झालं.

जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका प्रकरणात गृहिणीचं योगदान मान्य केलं. पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान हिस्सा असल्याचं न्यायालयानं म्हटलं. हा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेतून शेतजमीन पत्नीच्या नावे करण्याचं आवाहन केलं होतं. त्यामागचा विचारही हाच होता.

कायदा बदलेपर्यंत हा फरक कागदावरच भरून काढावा लागतो. घर घेतानाच दोघांची नावं आणि हिस्से खरेदीखतात लिहिणं, प्रत्येकानं भरलेली रक्कम बँकेतूनच देणं आणि दागिन्यांची यादी ठेवणं याला फारसा खर्च येत नाही. वाद सुरू झालाच, तर खरेदीखत, कर्जाचा उतारा आणि बँकेच्या नोंदींच्या प्रती आधी हाती घ्याव्यात. ज्यांना वकिलाचा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदत मिळते. महिलांना ती उत्पन्नाची अट न लावता मिळते. सही करण्यापूर्वी तिथे एकदा सल्ला घेतला, तर घरावरचा हक्क नकळत सोडण्याची वेळ येत नाही.